गळावर घार आली तर तंगूस कापू नका

खाडीवर गळ टाकणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. बोय (खाडीतला मासा) लागलेली असते, काठाशी येता येता पाण्यावर फडफडते आणि वरून घार झेप घालते. मासा, गरी म्हणजे गळाचा आकडा, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सगळं एका झटक्यात हवेत जातं. रीलचा ड्रॅग, म्हणजे ताण धरणारा ब्रेक, करकरायला लागतो आणि शेजारचे ओरडतात, "अरे काप, काप, जाऊ दे तिला!" दया येऊनच ओरडतात ते. पण त्यातून होतं नेमकं उलटं. गरी अंगात आणि मागे पंधरा-वीस मीटर तंगूस, अशी ती घार जाऊन बसते सुरूच्या झाडावर. पुन्हा उडायला गेली की तंगूस फांदीला गुंडाळला जातो, आणि मग ती उलटी लटकून उपाशी-तहानलेली मरते. खारफुटीत अडकली तर तिथे होडी घालूनही पोचता येत नाही. म्हणून पहिला नियम एवढाच: पक्षी गळाला असेपर्यंत तंगूस तोडायचा नाही. पक्षी हातात येईपर्यंत तो तंगूसच त्याचा जीव वाचवणारा धागा आहे.

मी रत्नागिरीचा. दिवसभर दुकानात मोटर रिवाइंडिंग आणि संध्याकाळी भरतीचं गणित जमलं की भाट्याच्या खाडीवर. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला सुरूचं बन, आणि जवळच मिरकरवाड्याचं बंदर असल्यामुळे डोक्यावर घारी कायमच्या. पुढे सांगतोय ते या जागेवरून. उजनीच्या किंवा कोयनेच्या पाण्यावर बसणाऱ्यालाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

वर कोण फिरतंय ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाची मासा उचलायची रीत निराळी आहे. विटकरी अंग, पांढरं डोकं, पांढरी छाती म्हणजे ब्राह्मणी घार. हिलाच आपल्याकडे बरेच जण गरुड म्हणून हात जोडतात. तिचं पिल्लू मात्र तपकिरी असतं आणि साध्या घारीसारखं दिसतं. तेव्हा शेपूट बघा. साध्या घारीचं शेपूट मधोमध खाचलेलं असतं, ब्राह्मणीचं गोल. या दोघी पाण्यात बुडी मारत नाहीत. पृष्ठभागावर जे तरंगतंय, फडफडतंय, तेवढंच उडता उडता पायाने उचलतात. कैकर (ऑस्प्रे) वेगळा. तो थंडीचा पाहुणा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत असतो. पोटाकडून पांढरा, डोळ्यावरून मागे गेलेली काळपट पट्टी. हवेत एका जागी पंख मारत थांबतो आणि पाय पुढे करून सरळ पाण्यात उडी घेतो. साधारण मीटरभर खोलीपर्यंतचा मासा तो काढू शकतो. चौथा समुद्री गरुड. पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास भरतो, पोट पांढरंशुभ्र, पंखांची मागची कड काळी, शेपूट पाचरीसारखं. तो गळावर येणं विरळ, पण आला तर त्याचे पंजे साध्या माणसाने हाताळायचे नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता हे टाळायचं कसं? घारी पृष्ठभागावरूनच उचलतात हे एकदा लक्षात आलं, की अर्धं काम झालं. जिवंत चिंगळं किंवा लहान बोय लावून तरंगी सोडत असाल तर शिसं थोडं वाढवा, आमिष हात-दोन हात खाली जाऊ द्या. घारीपासून एवढं पुरतं. कैकर असेल तर पुरत नाही, मग जागा बदलायची किंवा तो खाऊन जाईपर्यंत थांबायचं. मासा लागला की शेवटच्या आठ-दहा फुटांत घोटाळा होतो. हौसेने रॉड उंच धरतात, मासा पाण्यावर येऊन फटफट करतो आणि घारीला आयतं बोलावणं मिळतं. रॉडचं टोक खाली, जवळजवळ पाण्याला टेकवून ओढा. मासा पाण्याखालीच राहतो. अगदी पायाशी आला की लांब दांड्याच्या जाळ्यात घ्या. पकडलेले मासे उघड्या टोपलीत ठेवू नका. ओलं गोणपाट टाका वर. आणि जिथे गळ टाकताय तिथेच बसून मासे साफ करून आतडी पाण्यात भिरकावू नका. बंदरावरच्या घारींना ती सवय लागलेलीच आहे, ती तुमच्या गळापर्यंत आणू नका.

पॉपर वापरणाऱ्यांनी जास्तच जपायचं. प्लास्टिकचा तो मासा पाण्यावर पचक पचक करत येतो, तो जिताडा-तांबोशीला फसवायला. पण वरून घारीलाही तो जखमी मासाच दिसतो. फेकण्याआधी एकदा वर बघायची सवय लावा. घार एकदा खाली येऊन गेली आणि दुसरी फेरी आणखी खालून घेत असेल, तर रील थांबवा. पॉपर तसाच तरंगू द्या. हलणं थांबलं की बहुतेक वेळा तिचं लक्ष उडतं. ती लांब गेली की ओढून घ्या आणि बुडणारं आमिष लावा. आणखी एक गोष्ट, जी मी माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशीच करायला लावतो: गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकायचा. मासे सुटतील म्हणतात. तंगूस ताणलेला ठेवला तर नाही सुटत. आणि पक्ष्याच्या अंगातली, किंवा आपल्या बोटातली, गरी दोन सेकंदांत निघते.

इतकं करूनही पक्षी आला, तर आधी हे बघा की तो नुसता मासा धरून आहे की गरीत अडकलाय. मासा धरून असेल तर झटका देऊ नका आणि मोकळा तंगूसही सोडू नका. रॉड खाली, हलका सारखा ताण. ओझं वाटलं की पक्षी मासा टाकून देतो. कैकराची नखं माशात रुतून बसतात आणि तो माशाबरोबर बुडतो, असं आमच्या पुलावरही सांगतात. पण त्याला पकड सोडता येते. त्याला सोडायला वेळ द्या, एवढंच.

अडकला असेल तर तो आधी उडायचा प्रयत्न करतो, मग पाण्यावर पडतो. भिजलेली घार पाण्यावर पंख पसरून तरंगते. घाई करायची नाही, पण रेंगाळायचंही नाही. हळूहळू, न थांबता रील फिरवत काठाला आणा. पुलावर किंवा उंच धक्क्यावर असाल तर तंगुसाने वर उचलू नका, सगळं वजन जखमेवर येतं. एकाने रॉड धरायचा आणि दुसऱ्याने खाली उतरून जाळ्याने घ्यायचं. एकटे असाल तर हाक मारा. खाडीवर कोणी ना कोणी असतंच.

आता धरायचं कसं, ते नीट वाचा. जाड पंचा किंवा टॉवेल पूर्ण पक्ष्यावर टाका, डोकं झाकलं गेलंच पाहिजे. अंधार झाला की शिकारी पक्षी आश्चर्य वाटावं इतका शांत होतो. मग वरून दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटवा आणि हात खाली सरकवत दोन्ही पायांच्या नळ्या पकडा, मध्ये एक बोट ठेवून, म्हणजे पाय एकमेकांवर घासत नाहीत. चोचीला घाबरून सगळे चोच धरायला जातात. खरा धोका पंज्याचा आहे. पाय तुमच्या ताब्यात, आणि पक्षी तुमच्या तोंडापासून लांब. छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड हललं तरच श्वास आत-बाहेर होतो, आणि घट्ट मिठीत तो गुदमरतो.

पंज्याने हात धरलाच तर ओढू नका. ओढलं की पकड आणखी घट्ट होते. पाय दुमडला की बोटांच्या शिरा आवळतात, म्हणून पक्ष्याचा पाय हलकेच सरळ करा. पकड सैल होते. मग मागच्या नखापासून सुरुवात करून एकेक बोट उलगडा.

माझ्या भाच्याच्या पॉपरला गेल्या थंडीत ब्राह्मणी घार लागली, तेव्हा तिला मी टॉवेलात धरून बसलो होतो. अर्धा किलोच्या आसपासचं वजन, त्या एवढ्या मोठ्या पंखांच्या मानाने काहीच नाही. कापडातून तिच्या छातीची धडधड तळहाताला लागत होती. तीन तोंडांच्या गरीचं एक तोंड पंखाच्या पुढच्या कडेला, कातडीच्या पातळ पडद्यातून आरपार गेलेलं. भाचा म्हणाला, "मामा, मागे ओढू का?" ओढायचं नव्हतंच. ती गरी नवीन पाकिटातली, काटा अजून चेपलेला नव्हता. मी त्याला आधी पिसं थुंकीने ओली करून बाजूला बसवायला सांगितली, म्हणजे जागा दिसते. टोक दुसऱ्या बाजूने बाहेर आलेलंच होतं. त्याने उलट्या काट्याच्या मागे कटर लावला, दुसऱ्या हाताची ओंजळ वर धरली, कारण तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो आणि डोळ्यात जाऊ शकतो. कट्ट आवाज झाला. उरलेली गरी आली तशी मागे सरकवून काढली. रक्ताचा एक थेंब आला.

टोक बाहेर आलेलं नसेल आणि गरी नुसत्या कातडीत असेल, तर तिच्याच वळणाने पुढे ढकलून टोक बाहेर काढा, काटा कापा, मागे घ्या. पण गरी सांध्यात, डोळ्याजवळ किंवा घशात असेल तर हात लावायचा नाही. गिळलेली गरी ओढली तर आतून फाटतं. अशा वेळी, आणि पक्षी हातात आल्यावरच, हातभर तंगूस बाहेर ठेवून कापा. डॉक्टरला गरी शोधायला तो लागतो. तो मोकळा लोंबू देऊ नका, टॉवेलाच्या घडीत ठेवा.

गरी निघाली म्हणून लगेच सोडून देऊ नका. तंगूस बारीक असतो, ओल्या पिसांत दिसत नाही. बोटाने चाचपत बघा: मानेभोवती, दोन्ही पंखांच्या काखेत, पायांच्या नळ्यांना. पायाला राहिलेला एक वेढासुद्धा दिवसांनी रुतत जातो आणि पंजा सुकवतो. सगळे तुकडे निघाले, दोन्ही पंख सारखे मिटतायत, जखम किरकोळ आहे, असं दिसलं तर मोकळ्या जागी, झाडांपासून लांब, तोंड वाऱ्याकडे करून जमिनीवर ठेवा. आधी पाय सोडा, मग टॉवेल काढा आणि मागे सरका. हवेत उडवायचं नाही. भिजलेला पक्षी उडत नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, सावलीत तासभर ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, मासा भरवू नका. फोटो काढायला गर्दी जमते, तिला लांब ठेवा. भीतीनेही पक्षी मरतात.

तासाभरानेही उडाला नाही, किंवा जखम खोल आहे, तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. पुण्याकडे असाल तर रेस्क्यू ट्रस्ट आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर जखमी वन्यजीवांवर उपचार करतात. बरा होईपर्यंत घरी ठेवू, असा विचार मनात आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोडका पंख घरच्या हळदीने सांधत नाही. समुद्री गरुड अडकला तर तो काठाला आणून, टॉवेल टाकून, तिथूनच फोन करा. आणि तुमच्या हाताला नख लागलं असेल तर साबणाने भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. सडके मासे उचलणारी नखं आहेत ती.

पिशवीत काय असावं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल: जाड टॉवेल, कटर असलेली पक्कड, लहान कात्री, चामडी हातमोजे. वेल्डिंगवाल्यांचे हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते उत्तम. मी याबरोबर एक रिकामी पाण्याची बाटलीही ठेवतो, तोडलेल्या तंगुसासाठी. दगडांच्या सापटीत, पुलाच्या खांबांना, खारफुटीच्या फांद्यांना जो तंगूस राहतो, तो वर्षानुवर्षं कुजत नाही. घारी घरट्यासाठी काटक्यांबरोबर चिंध्या आणि दोऱ्याही उचलतात. त्यात तो गेला तर पिल्लाच्या पायालाच वेढा बसतो. ब्राह्मणी घारीची वीण साधारण डिसेंबर ते एप्रिल, समुद्री गरुडाची ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणजे आपण जेव्हा सगळ्यात जास्त गळ टाकतो तेव्हाच. म्हणून आपला तुटलेला तर गोळा कराच, दुसऱ्याचाही दिसला तर सोडू नका. वीतभरापेक्षा लहान तुकडे करा, बाटलीत भरा, झाकण लावून कचऱ्यात टाका. खांबांना अडकलेला काढायचा तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी धरा, तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं. पायात बूट हवेत, कालवांच्या शिंपा चपलेतून पाय चिरतात. आणि भरती सुरू व्हायच्या आत परत या.