रात्रीच्या कार्यक्रमांना मैत्रिणींची सोबत कशी जमवावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या मुलीला नाटकांची, चित्रांची किंवा रात्रीच्या मैफलींची गोडी लागली की पहिली अडचण येते ती अंतराची. पृथ्वी थिएटर जुहूला, एनसीपीए हे कलाकेंद्र नरिमन पॉइंटला, जहांगीर आर्ट गॅलरी काळा घोड्याला आणि घर मात्र कोलशेतला किंवा कोपरखैरण्याला, अशा स्थितीत एकटीने जाण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही. सोबत असेल तर तो टिकतो, आणि सोबत जमवण्याचा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे कार्यक्रमाच्या आधी परतीचा विचार करणे.

सुरुवात घराजवळ करावी. तलावपाळीजवळचे १९७८ पासूनचे गडकरी रंगायतन, हिरानंदानी मेडोजमधले डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह ही हक्काची ठिकाणे आहेतच. पण नाट्यगृहात आपण अंधारात बसलेलो असतो आणि पडदा पडताच प्रत्येकीला रिक्षा पकडण्याची घाई असते, त्यामुळे तिथे नवी ओळख क्वचितच होते. ओळखीसाठी कट्टे बरे. अत्रे कट्टा, अभिनय कट्टा अशी परंपरा ठाण्यात चांगली रुजलेली आहे, आणि कॅफेंमधले ओपन माइकही, म्हणजे कोणीही पुढे येऊन आपली कविता किंवा गाणे सादर करावे असे कार्यक्रम, त्याच वळणाचे असतात. दर वेळी नवे ठिकाण शोधण्यापेक्षा एकाच ठिकाणी सलग काही वेळा जावे, कारण चेहरा ओळखीचा झाल्याशिवाय कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

बोलायला सुरुवात करताना ‘खूप छान झालं’ एवढेच म्हटले तर समोरची हसून आभार मानते आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी तिच्या सादरीकरणातली एखादी नेमकी गोष्ट सांगावी: ‘पावसात रिक्षावाला नाही म्हणतो, त्यानंतर तुम्ही जे थांबलात ना, ते आवडलं.’ असे वाक्य ऐकले की कविता सादर केलेली मुलगी हमखास बोलू लागते. मग दुसरा प्रश्न विचारावा, ‘तुम्ही कुठे उतरता?’ उत्तर ‘कळवा’ किंवा ‘ऐरोली’ असे आले तर त्याच रात्री निम्मा प्रवास एकत्र होतो, आणि लोकलच्या डब्यातल्या थोड्याशा वेळात जेवढे बोलणे होते तेवढे कार्यक्रमाच्या गोंगाटात तीन तासांतही होत नाही.

आता परतीचे. तिकीट काढण्यापूर्वी कार्यक्रम किती वाजता संपणार आहे आणि आपली शेवटची गाडी कोणती, हे दोन्ही पाहून घ्यावे. ठाणे आणि वाशी २००४ पासून ट्रान्स हार्बर मार्गाने जोडलेली असली तरी दक्षिण मुंबईहून परतताना ठाण्याची मैत्रीण मुख्य मार्गाने आणि नेरुळची हार्बरने जाते. म्हणजे सीएसएमटीलाच, किंवा मुख्य मार्गाने एकत्र आल्या तर कुर्ल्याला, दोघींची ताटातूट होते. कोण कुठून पुढे एकटी असणार, हे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. शनिवारची रात्र किंवा रविवार असेल तर ब्लॉकची, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवण्याची, सूचना वाचल्याशिवाय काहीच ठरवू नये. महिलांच्या डब्यांतले काही चोवीस तास राखीव असतात आणि काही ठरावीक वेळेपुरतेच, हे डब्याबाहेर लिहिलेले असते. रात्री घाईत चढताना ते न वाचणाऱ्या मुली पुष्कळ दिसतात. अडचण आली तर रेल्वेसाठी १३९ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक पाठ असावेत. स्टेशनवरून पुढे घोडबंदर रोडला रिक्षाने जायचे असेल तर मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मीटरच्या भाड्यावर पंचवीस टक्के जादा द्यावे लागतात, तेही खर्चात धरावे.

गटात तिघी-चौघी असतील तर जिचे घर सर्वांत लांब, तिचे घड्याळ सर्वांनी मानावे. हा नियम कंटाळवाणा वाटेल, विशेषतः दादरला राहणाऱ्या मैत्रिणीला, पण तो एकदा लागू झाला की कोणालाही ‘मला आता निघावं लागेल’ असे ओशाळून सांगण्याची वेळ येत नाही. ‘पोहोचले’ हा निरोप प्रत्येकीने टाकावा आणि शेवटचा निरोप येईपर्यंत निदान एकीने जागे राहावे. ती पाळी आळीपाळीने घ्यावी, नाहीतर ते काम कायम एकाच काळजीवाहू मुलीच्या गळ्यात पडते.

घरच्यांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. मैत्रिणीला एखाद्या दुपारी जेवायला घरी बोलवावे. आईने जिला आग्रह करून दुसरी पोळी वाढली आहे, त्या मुलीबरोबर रात्री उशिरा येण्याला होणारा विरोध पुष्कळ मवाळ होतो. तिचा फोन नंबर आईकडे असू द्यावा. त्यातून एखादा जास्तीचा फोन येईल, तेवढा सोसावा.

पबमध्ये जायचे असेल तर वयाची चौकशी आधी करावी. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस, तर कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि काही ठिकाणी पंचवीसखालच्या मुलींना दारातूनच परत पाठवतात. गटातल्या सर्वांत लहान मैत्रिणीला बाहेर उभे करून आत जाणे शोभत नाही, म्हणून ठिकाण तिच्या वयाला चालेल असेच निवडावे. बिलाचे समान वाटे पाडू नयेत. जी फक्त लिंबू सरबत घेते, तिने कॉकटेलचे पैसे का द्यावेत? हिशेब त्याच टेबलावर यूपीआयने मिटवावा. एखादीला दारू जास्त झाली तर तिला एकटीला कॅबमध्ये बसवून देऊ नये, तिच्याबरोबर जावे किंवा तिला आपल्या घरी न्यावे, आणि दुसऱ्या दिवशी त्या प्रसंगाची चित्रफीत गटावर फिरवू नये.

कलेच्या वर्तुळातली मैत्री वेगळ्याच कारणांनी तुटते. माझ्या पाहण्यात प्रेमप्रकरणांपेक्षा फुकट पासांनी आणि न दिलेल्या श्रेयाने जास्त कटुता आली आहे. मैत्रिणीचा प्रयोग असेल तर पास न मागता तिकीट काढून जावे, कारण छोट्या प्रयोगांत भरलेली एकेक खुर्ची हिशेबात धरलेली असते. तिने काढलेले छायाचित्र किंवा पोस्टर वापरताना नाव लिहावे, विचारूनच वापरावे. टीका करायची असेल तर प्रयोगाच्या रात्री करू नये. दोन दिवसांनी, दोघीच असताना, तिने विचारल्यावर करावी, पण मग गुळमुळीत बोलू नये. दोघींनी एकाच निवडीसाठी अर्ज केला असेल तर ते एकमेकींना आधी सांगावे. निकालाच्या यादीत मैत्रिणीचे नाव अचानक दिसणे फार लागते.

मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी थोडी वेगळी तयारी लागते. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमसारख्या ठिकाणी हजारो लोक एकाच वेळी फोन वापरतात आणि नेटवर्क कोलमडते. म्हणून चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधीच ठरवावी, आणि ‘स्टेशनवर’ असे मोघम न सांगता पूर्वेला की पश्चिमेला, कोणत्या तिकीट खिडकीपाशी, इतके स्पष्ट सांगावे. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस चालणाऱ्या काळा घोडा महोत्सवाला शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जावे. पृथ्वी थिएटरला प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, तेव्हा एखादीला उशीर झाला तर बाकीच्यांनी आत जायचे की दाराशी तिच्यासाठी थांबायचे, हे ठरवूनच घरातून निघावे. माझे मत विचाराल तर एकीने थांबावे आणि बाकीच्यांनी आत जावे.

पुढे कोणाची नोकरी रात्रपाळीची होते, कोणी लग्न होऊन पनवेलला जाते आणि रात्रीचे कार्यक्रम तिला जमेनासे होतात. अशा मैत्रिणीला प्रत्येक वेळी निमंत्रण देऊन नकार द्यायला लावण्यापेक्षा महिन्यातून एखादा दुपारचा प्रयोग तिच्यासाठी राखून ठेवावा, आणि त्याची तिकिटे तिलाच काढू द्यावीत.