सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला घोड्यावर बसवताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घोडा मिळणे फारसे अवघड नाही. वरातीचे घोडे आहेत, शर्यतीचे आहेत, मेंढरांमागून बिऱ्हाड वाहणारी धनगरांची तट्टेही आहेत. त्यामुळे सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे अगदी लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडलेल्या मुलांना घोड्यावर बसण्याचा उपयोग होतो असे कानावर आले, की पालक आधी घोड्याची चौकशी करू लागतात. घोडा मात्र सर्वांत शेवटी शोधावा. आधी मुलाच्या खुब्याचा एक्स-रे काढून घ्यावा.

सेरेब्रल पाल्सीच्या ज्या प्रकारात स्नायू ताठ राहतात, आणि तोच प्रकार सर्वाधिक आढळतो, त्यात मांडीच्या आतले स्नायू सतत ओढलेले असतात आणि त्या ओढीने मांडीच्या हाडाचा गोळा वर्षानुवर्षे हळूहळू खोबणीबाहेर सरकू शकतो. अशा खुब्यावर पाय फाकवून बसवणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञाची लेखी संमती घ्यावी. फिट्स आटोक्यात नसतील, पाठीचा कणा बराच वाकलेला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा उभे न राहिल्यामुळे हाडे ठिसूळ झाली असतील, तर हा विचार सोडून द्यावा किंवा पुढे ढकलावा. घोड्याच्या केसांनी दमा उसळतो का, हेही पाहावे. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी.

या उपचारात नेमके काय घडते हे समजून घेतले, की पुढच्या सूचना आपोआप पटतात. चालत्या घोड्याची पाठ पुढेमागे, वरखाली आणि दोन्ही बाजूंना अशी एकाच वेळी हलते, आणि माणूस चालताना त्याची कंबर जशी हलते, तशीच हालचाल वर बसलेल्याच्या कमरेला मिळते. जे मूल कधी चाललेच नाही, त्याच्या कमरेला चालण्याचा अनुभव असा उधार मिळतो. मिनिटाला सुमारे शंभर पावले धरली, तर वीस मिनिटांत धडाला तोल सावरण्याच्या दोन हजार संधी मिळतात, शिवाय घोड्याच्या सुमारे 38 अंश सेल्सियसच्या उबेने मांड्या सैलावतात. मेंदूला झालेली इजा याने भरून येत नाही. अभ्यासांत दिसलेला फायदा मुख्यतः बसण्याचा तोल आणि धडाचा ताबा यांत आहे, म्हणून रोजचे व्यायाम आणि स्प्लिंट (हातपाय सरळ ठेवणारे आधार) यांना सुट्टी देऊ नये.

फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घरीच एक पूर्वतयारी करता येते. बैठकीतला लोड जमिनीवर ठेवून मुलाला त्यावर घोड्यासारखे बसवावे आणि मागून कंबर धरावी. दोन-तीन मिनिटांत मांड्या सैल होत गेल्या तर ठीक. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढू लागले किंवा मूल कळवळले, तर रुंद पाठीचा घोडा त्याच्यासाठी नाही. अशा मुलाला अरुंद पाठीचे, खांद्याशी 52 ते 56 इंच उंचीचे तट्टू बरे, कारण बाजूने चालणाऱ्यांचे हातही तिथपर्यंत नीट पोचतात.

आता घोडा. वरातीचा घोडा बँडला बुजत नाही हे खरे, पण लगाम ओढून जागच्या जागी नाचवल्याने त्याची चाल तुटक झालेली असते, आणि आपल्याला तर नेमकी संथ, एकसारखी चालच हवी असते. शर्यतीचा घोडा आरोळीसरशी उधळायला शिकलेला असतो. या मुलांना दचकून ओरडण्याची सवय असते, ती आठवावी. प्रौढ, चारही पायांनी सारखा चालणारा आणि प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटेल असा घोडा निवडावा. पशुवैद्याकडून त्याची ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी करून घ्यावी, कारण तो रोग माणसालाही होतो. खोगिराऐवजी जाड गादी आणि घोड्याच्या अंगाभोवती आवळायचा दोन मुठींचा पट्टा वापरावा. गादीसाठी घोंगड्याची घडी चालते, पण वर सुती चादर हवी, नाहीतर मांड्या खाजून मूल बेजार होते. सुरुवातीला रिकीब, म्हणजे पाय अडकवायची कडी, लावू नये. मोटारसायकलचे हेल्मेट अशक्त मानेला पेलत नाही, घोडेस्वारीचे हलके हेल्मेटच आणावे. ओढणीने मुलाला घोड्याशी बांधण्याचा मोह अनेक घरांत होतो. ते कदापि करू नये, कारण घोडा कोसळला तर मूल त्याच्याखाली जाईल.

माणसे चार लागतात. मोतद्दाराने, म्हणजे घोडा धरून चालवणाऱ्याने, फक्त घोड्याकडे पाहावे. दोघांनी दोन्ही बाजूंनी, एक हात मुलाच्या मांडीवर आणि दुसरा पट्ट्यावर ठेवून चालावे. चौथा या कामाचे शिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट असावा, आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा. बेळगाव शहरात फिजिओथेरपीचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, चौकशी तिथून सुरू करावी. वडिलांनी मागे बसून मुलाला धरू नये. त्याने घोड्यावरचा भार वाढतो आणि पडले तर दोघेही पडतात.

आपल्याकडचा एक खास प्रश्न भाषेचा आहे. मोतद्दार पुष्कळदा कन्नड बोलतो आणि मूल मराठी. घोडा थांबताना धड पुढे झुकते, आणि थांबण्याचा शब्द आधी कळला तर मूल पोट आवळून स्वतःला सावरते. म्हणून ‘निल्लु’ किंवा ‘थांब’ यांपैकी एकच शब्द ठरवून घ्यावा, तो घरी लोडावर बसवूनही म्हणावा आणि प्रत्येक वेळी घोडा थांबवण्याआधी मोठ्याने उच्चारावा. काही दिवसांनी शब्दासरशी पाठ ताठ होते, आणि ते पाहणे फार सुखाचे असते.

पहिल्या दिवशी मुलाने घोड्याला हात लावला, वास घेतला तरी पुरे. पुढे दहा मिनिटे आणि मग हळूहळू वीस ते तीस मिनिटे, आठवड्यातून एक-दोनदा. आधी सरळ रेषेत चालवावे, मग मोठ्या वर्तुळात. वळणावर बाहेर झुकणारे धड मूल स्वतः मध्यावर आणते का, हे पाहावे. दुडकी चाल नको. तोंड शेपटीकडे करून बसवणे किंवा हात उंचावून चेंडू घेणे हे प्रकार थेरपिस्टने सांगितल्यावरच करावेत. मान लटकू लागली, पाय पुन्हा आवळले किंवा चेहरा फिका पडला, तर घोडा तिथेच थांबवावा.

मैदान सपाट आणि मुरमाचे असावे. निपाणी-चिकोडीकडची काळी माती पावसात निसरडी होते आणि खानापूरकडचा पाऊस तर सर्वांना ठाऊकच आहे, म्हणून छप्पर नसेल तर जून ते सप्टेंबर बैठका बंद ठेवून लोडावरचा सराव चालू ठेवावा.

उतरवताना घोडा उतरण्याच्या ओट्याशी आणून मुलाचा पाय हळूच पलीकडून फिरवावा आणि त्याला लगेच कडेवर घेऊ नये. मांड्या या वेळी सर्वांत सैल असतात. थेरपिस्टने कंबर धरावी, टाचा जमिनीला टेकवाव्यात आणि मुलाला ओट्याला धरून जमेल तितका वेळ उभे राहू द्यावे.