स्पर्धक गुगलवर क्लिकमागे किती बोली लावतो, याचा नागपुरात अंदाज कसा घ्यावा

कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या लिलावाला उभे राहिले की कोण किती बोलला ते कानावर पडते. गुगलच्या जाहिरातींचा लिलाव तसा नाही. प्रत्येक सर्चला नवा लिलाव लागतो, क्षणात उरकतो आणि कुणाचीही बोली दुसऱ्याला दिसत नाही. एके काळी दिसायची. 1998 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ओव्हर्चर नाव घेतलेल्या गोटू या सर्च सेवेवर जाहिरातदारांच्या बोल्या उघड असत. गुगलने 2002 मध्ये क्लिकमागे पैसे घेणारा लिलाव आणला, त्यात बोलीसोबत जाहिरातीचा दर्जाही मोजायला घेतला आणि बोल्या झाकल्या.

त्यामुळे "अमक्याची बोली 42 रुपये आहे" असे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो अंदाजच सांगतोय. शिवाय स्पर्धक स्मार्ट बिडिंगवर असेल, म्हणजे बोली गुगललाच ठरवू देत असेल, तर त्याची एक ठरलेली बोली नसतेच, ती प्रत्येक सर्चला बदलते. पण मागे राहिलेल्या खुणा वाचता येतात आणि निर्णय घ्यायला तेवढ्या पुरतात. उदाहरणासाठी नागपुरातला एसी आणि कूलर दुरुस्तीचा धंदा घेऊ. पुढचे रुपयांचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

आधी स्वतःची मर्यादा काढा

स्पर्धकाकडे बघण्याआधी हे झालेच पाहिजे, नाहीतर त्याच्या मागे धावताना खिसा रिकामा होतो. समजा एका कामात मेकॅनिक, पेट्रोल आणि सामान वजा जाता 700 रुपये उरतात. 100 क्लिकमधून 12 फोन येतात आणि 5 कामे मिळतात. म्हणजे 100 क्लिकमागे 3,500 रुपये, एका क्लिकमागे 35. गुगलच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. तुम्हाला त्याचे इनपुट क्रेडिट मिळत नसेल तर 35 भागिले 1.18, म्हणजे साधारण 29.66 रुपये. हा ना नफा ना तोटा असा आकडा आहे, बोली त्याच्या खालीच राहिली पाहिजे.

कीवर्ड प्लॅनर, पण भारतासाठी नाही

गुगल अ‍ॅड्सच्या टूल्समध्ये कीवर्ड प्लॅनर उघडा. लोकेशनमध्ये 'इंडिया' असेल ते काढून 'नागपूर' टाका. ही एक गोष्ट राहिली की मुंबई-दिल्लीचे दर मिसळतात आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. कीवर्ड, म्हणजे ज्या सर्चवर जाहिरात दाखवायची ते शब्द, मराठी, हिंदी आणि रोमन लिपी अशा तिन्ही तऱ्हांनी टाका: 'एसी रिपेअर नागपूर', 'कूलर दुरुस्ती', 'एसी सर्व्हिस नियर मी'. लोक कसेही टाइप करतात.

दोन रकाने बघायचे: टॉप ऑफ पेज बिडची लो रेंज आणि हाय रेंज. पानाच्या वरच्या भागात येण्यासाठी जाहिरातदारांनी आधी मोजलेल्या दरांतला 20वा आणि 80वा पर्सेंटाइल असा त्यांचा अर्थ आहे, म्हणजे 20 टक्के दर पहिल्याच्या खाली आणि 80 टक्के दुसऱ्याच्या खाली. हाय रेंज ही कमाल बोली नव्हे, तिच्याही वर मोजणारे असतात. 'कॉम्पिटिशन: हाय' म्हणजे क्लिक महाग असेही नाही. त्या कीवर्डवर जाहिरातदार जास्त आहेत, एवढेच ते सांगते. सेमरशसारख्या बाहेरच्या टूलमधला सीपीसी (एका क्लिकचा दर) सहसा देशपातळीचा अंदाज असतो. धरमपेठेतल्या ग्राहकासाठी त्यावर बोली ठरवू नये.

ऑक्शन इनसाइट्स

खरी माहिती इथे मिळते. अट एकच, तुमची जाहिरात चालू हवी, कारण ज्या लिलावांत तुम्ही होतात तेवढ्यांचाच हा रिपोर्ट असतो. पूर्ण कॅम्पेनचा काढू नका. कॅम्पेनमध्ये 'एसी रिपेअर कोर्स'सारखे सर्च घुसले असतील तर क्लासवालेही तुमचे स्पर्धक म्हणून दिसतात. एक्झॅक्ट मॅचचा (नेमक्या त्याच अर्थाच्या सर्चवर दिसणारा) मुख्य कीवर्ड टिक करा, गेल्या 30 दिवसांची तारीख लावा आणि ऑक्शन इनसाइट्स उघडा.

समोर स्पर्धकांच्या डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांची, यादी येते. ओव्हरलॅप रेट म्हणजे तुमची जाहिरात दिसली तेव्हा त्याचीही किती वेळा दिसली. पोझिशन अबव्ह रेट म्हणजे दोघेही दिसलात तेव्हा तो किती वेळा तुमच्या वर होता. आता समजा एकाचा ओव्हरलॅप 70 टक्के आणि पोझिशन अबव्ह 80 टक्के आहे. हा खरा प्रतिस्पर्धी, त्याची अ‍ॅड रँक (बोली आणि दर्जा मिळून ठरणारी जागा) तुमच्यापेक्षा भारी आहे. दुसऱ्याचा पोझिशन अबव्ह 90 टक्के, पण ओव्हरलॅप फक्त 12. तो बहुधा वेगळ्या भागात किंवा वेगळ्या वेळी जाहिरात करतो, त्याच्यासाठी बोली वाढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. इम्प्रेशन शेअर म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती त्यातली किती वेळा दिसली. तो 10 टक्क्यांच्या खाली असला तर नेमका आकडा मिळत नाही, तेवढेच लिहून येते. रिपोर्ट दिवसानुसार तोडून बघा. कुणाचा शेअर महिनाअखेरीला दरवेळी घसरत असेल तर त्याचे बजेट संपत असण्याची शक्यता मोठी.

त्याच बैठकीत स्वतःचे दोन रकाने बघा: सर्च लॉस्ट इम्प्रेशन शेअर, एक रँकमुळे आणि एक बजेटमुळे. बजेटमुळे जास्त हुकत असेल तर बोली वाढवू नका. तेवढ्याच पैशात क्लिक कमी मिळतील आणि जाहिरात दुपारीच बंद पडेल.

तुमच्या सीपीसीत त्याची खूण

तुम्ही बोली लावता तेवढे पैसे द्यावे लागत नाहीत. खालच्याला मागे टाकायला लागतील तेवढेच कापले जातात. सोप्या रूपात बघा: स्पर्धकाची बोली 60, दर्जा 5, गुणाकार 300. तुमची बोली 40, दर्जा 8, गुणाकार 320. वर तुम्ही, आणि मोजता 300 भागिले 8, म्हणजे जेमतेम 37.50. खरे सूत्र याहून गुंतागुंतीचे आहे. त्यात किमान मर्यादा, सर्चचा संदर्भ आणि अ‍ॅसेट्सही (जाहिरातीला जोडलेला फोन नंबर, लिंक वगैरे) मोजतात, आणि खात्यात दिसणारा 1 ते 10 चा क्वालिटी स्कोअर लिलावात थेट वापरला जात नाही. पण दिशा हीच. तुमचा सरासरी सीपीसी खालच्या स्पर्धकाने ठरवलेला असतो, खाली कुणी नसेल तर गुगलच्या किमान मर्यादेने. त्यातून त्याची बोली आणि दर्जा वेगवेगळे काढता येत नाहीत. तरी 60 च्या बोलीला 60 नेच उत्तर द्यावे लागत नाही, हे यातून कळते.

बिड सिम्युलेटरमधली उडी

मॅन्युअल सीपीसी असेल, म्हणजे बोली तुम्ही हाताने लावत असाल, आणि पुरेसे क्लिक येत असतील तर कीवर्डच्या बोलीजवळ सिम्युलेटरची खूण दिसते. बोली वेगळी असती तर गेल्या 7 दिवसांत किती क्लिक आले असते, याचा अंदाज ते देते. आकडे एकाखाली एक वाचा. समजा 22 रुपयांना 31 क्लिक, 26 ला 33 आणि 28 ला 52. तर 26 ते 28 च्या मध्ये तुम्ही कुणाला तरी ओलांडताय. 28 तुमच्या मर्यादेत बसत असेल तर जा, नसेल तर 22 वरच थांबा. 26 ला काही अर्थ नाही, पैसे वाढतात आणि जागा तीच राहते.

सिम्युलेटर दिसत नसेल तर हाताने करा. बोली 10 ते 15 टक्क्यांनी वाढवा आणि पूर्ण 7 दिवस हात लावू नका. मग त्या डोमेनचा पोझिशन अबव्ह रेट पुन्हा बघा. त्या आठवड्यात जाहिरातीचा मजकूर, पान किंवा बजेट बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

स्पर्धकाची जाहिरात बघताना

स्वतःच्या मोबाइलवर रोज सर्च करून बघू नका. क्लिक न होता इम्प्रेशन वाढतात आणि तुमचाच क्लिक रेट घसरतो. त्याच्या जाहिरातीवर क्लिक करून त्याचे पैसे जाळणे तर सरळ गैर आहे. अ‍ॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस टूलमध्ये नागपूर, मोबाइल आणि भाषा निवडा आणि सकाळी 10, दुपारी 2, रात्री 8 अशा वेळी आठवडाभर नोंद ठेवा. एखादा रात्री 8 ला सातत्याने गायब असेल तर ती वेळ तुमची. 2023 मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटरमध्ये त्याच्या सगळ्या जाहिराती भारतापुरत्या गाळून बघता येतात. बोली तिथेही नाही, पण 'आजच घरी येऊन कूलरच्या ताट्या बदलून देऊ' अशी ओळ त्याच्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही, हे दिसते. दर्जातला फरक बऱ्याचदा अशाच एका ओळीचा असतो.

तुलना करताना तुमचा परिसरही नेमका हवा. झिरो माइलवर पिन ठेवून 20 किलोमीटर घेतले तर कामठी आणि हिंगणा आत येतात, बुटीबोरी बाहेर राहते. लोकेशनच्या पर्यायांत 'प्रेझेन्स' निवडा. मूळ सेटिंगमध्ये नागपुरात रस असलेले बाहेरगावचे लोकही मोजले जातात आणि इनसाइट्समध्ये भलतेच डोमेन येतात.

ही तपासणी मार्चच्या सुरुवातीला एकदा करा, मग एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला, कारण उन्हाळा तापला की नवे जाहिरातदार उतरतात. मेचे आकडे जूनअखेर वापरू नका. पहिला जोरदार पाऊस पडला की कूलरचे सर्च बसतात, तेव्हा कूलरच्या कीवर्डवरची बोली त्याच दिवशी खाली आणा.