कोकणात जुने स्पीकर घेताना
रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेले हाय-फाय स्पीकर विकत घेताना आवाजाआधी कोनभोवतीची, म्हणजे आवाज काढणाऱ्या शंकूभोवतीची, लवचीक कड पाहावी. ती फोमची असेल तर बोटाने अगदी हलके दाबावी. चिकट लागली किंवा तिचा भुगा बोटाला आला, तर ती बदलण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी. रबराची कड बरीच अधिक टिकते, म्हणून बेताच्या पैशांत मी तीच पसंत करीन. त्यानंतर पेटी आडवी करून तळाच्या कडा तपासाव्यात, कारण भुशाच्या दाबीव फळीने एकदा पावसाळ्यात ओल धरली की ती फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. टर्मिनलांवरचा, म्हणजे वायर जोडायच्या टोकांवरचा, हिरवा थर मात्र बारीक पॉलिशपेपरने निघतो. त्याचे निमित्त करून भाव पाडायला हरकत नाही. मल्टीमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो, पण या मोजणीत सहसा ट्वीटरची, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरची, तपासणी होत नाही, कारण क्रॉसओव्हरमधील (उंच आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधील) कपॅसिटर मल्टीमीटरचा डीसी प्रवाह अडवतो. त्यासाठी ओळखीचे भजन लावून, टाळांचा किणकिणाट दोन्ही पेट्यांतून सारखाच स्वच्छ येतो का, हे जवळ कान नेऊन ऐकावे.