जीन थेरपीचा विचार करताय? मग आधी गोळ्यांचा डबा उघडून बघा

रक्त चढवून आणलं की दोन-तीन आठवडे बरे जातात, मग पोरगं हळूहळू फिकं पडतं, जिना चढताना थांबायला लागतं, आणि परत पिशवी. थॅलेसिमिया मेजर, म्हणजे अंगात हिमोग्लोबिन नीट बनत नाही असा जन्मजात आजार, ज्यांच्या घरात आहे त्यांना हे मी नव्याने काय सांगणार. त्यात कुणीतरी फोनवर बातमी पाठवतं की जीन थेरपी आली, एकदाच द्यायची आणि रक्त बंद. बातमी खोटी नाहीये. पण त्या बातमीत फोटो असतो ड्रिपचा, आणि ती ड्रिप म्हणजे सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात सोपं काम, बहुतेक वेळा तासाभराच्या आत उरकतं. अवघड ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं, आणि आधीचं बरंचसं तुमच्याच हातात असतं, म्हणून हे लिहितोय.

आधी दोन शब्द थेरपी काय करते त्याबद्दल, कारण डॉक्टरसमोर बसल्यावर प्रश्न तरी विचारता आले पाहिजेत. दोन्ही प्रकारांत आपल्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) बाहेर काढतात, लॅबमध्ये दुरुस्त करतात आणि परत देतात. एका प्रकारात, म्हणजे झिंटेग्लोत, बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनचा एक भाग) जीनची चालणारी कॉपी एका निकामी केलेल्या व्हायरसवर बसवून पेशीत सोडतात. अमेरिकेत याला ऑगस्ट २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. दुसरा कॅसजेव्ही, क्रिस्परवाला, म्हणजे जीन नेमक्या जागी कापून बदलायच्या तंत्राचा. यात नवीन जीन घालतच नाहीत. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि ते थॅलेसिमियातही व्यवस्थित चालतं, म्हणून तर आपल्या मुलांना पहिले काही महिने काहीच त्रास दिसत नाही. जन्मानंतर ते हिमोग्लोबिन बंद करणारं जे बटण आहे, बीसीएल११ए नावाचं, ते रक्ताच्या पेशींपुरतं क्रिस्परने कमजोर करतात, की जुनं हिमोग्लोबिन परत सुरू. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने थॅलेसिमियासाठी जानेवारी २०२४ मध्ये हे मंजूर केलं, वय १२ आणि पुढे. ट्रायलमध्ये ज्यांचा पुरेसा फॉलोअप झाला होता अशा ३५ जणांपैकी ३२ जण सलग वर्षभर किंवा जास्त रक्ताशिवाय राहिले. झिंटेग्लोच्या एका ट्रायलमध्ये २२ पैकी २०. आकडे भारीच आहेत, पण उरलेले दोन-तीन जणही कुणाची तरी मुलंच आहेत हे लक्षात ठेवून आत जा.

पहिला प्रश्न मात्र जीन थेरपीचा नाहीच. सख्ख्या भावंडांची एचएलए टेस्ट (डोनर म्हणून जुळतात का ते बघणारी) झालीय का? एका भावंडाशी पूर्ण मॅच व्हायचा चान्स २५ टक्के असतो, आणि मूल लहान असेल, मॅच मिळाला असेल, तर बरेच डॉक्टर आधी साधं बोन मॅरो ट्रान्सप्लांटच सुचवतात, त्याचा अनुभव कितीतरी जुना आहे. जीन थेरपीचा फायदा हा की पेशी स्वतःच्याच, त्यामुळे दुसऱ्याच्या पेशींनी अंगावर उलटायचा धोका नाही. डोनर नसेल त्यांच्यासाठी म्हणूनच ही गोष्ट मोठी आहे.

आता लोह. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच लोकं अडकतात. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह अंगात जातं आणि शरीर स्वतःहून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं, बाकीचं हृदयात, लिव्हरमध्ये, हार्मोनच्या ग्रंथींत साठत जातं. जीन थेरपीच्या आधी जी केमो देतात ती लिव्हरवर जड असते, आणि लिव्हर आधीच लोहाने भरलेलं, कडक झालेलं असेल किंवा हृदयात लोह फार असेल तर तुम्हाला तिथूनच परत पाठवू शकतात, पैसे असोत नाहीतर नसोत. नुसत्या फेरिटिनवर (लोहाची रक्ततपासणी) विसंबू नका, ते साध्या तापातही वर जातं. हृदय आणि लिव्हर दोन्हींचा टी-टू-स्टार एमआरआय, म्हणजे आत साठलेलं लोह दाखवणारा, करून घ्या. हृदयाचा आकडा २० मिलिसेकंदाच्या खाली म्हणजे लोह साठायला लागलंय, १० च्या खाली म्हणजे गंभीर. आणि घरात मूल मोठं असेल तर लोह काढायच्या गोळ्या खरंच पोटात जातायत का ते बघा. आमच्याकडे एकदा कपाटामागे चौदा गोळ्या निघाल्या, पंधरवड्याचा हिशोब. ओरडून उपयोग झाला नाही, एमआरआयचा रिपोर्ट समोर ठेवून नीट बोललो तेव्हा झाला. थेरपी दोन वर्षांनी मिळो नाहीतर पाच, चिलेशन, म्हणजे औषधाने लोह बाहेर काढणं, आज नीट चालू असेल तरच त्या दिवशी तुम्ही पात्र असाल.

सोबत फाईल बनवायला घ्या. म्युटेशनचा रिपोर्ट, मागच्या दोन वर्षांत कुठल्या तारखेला किती रक्त लागलं आणि तेव्हा वजन किती होतं (वर्षाला किलोमागे किती मिली हा हिशोब विचारतातच), रक्तात अँटिबॉडी तयार झाल्यात का, प्लिहा काढलीय का, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट. तारखा आठवून सांगायला जाऊ नका, सगळं गोंधळतं.

मूल व्हायच्या क्षमतेचा विषय घरात कुणी काढत नाही आणि डॉक्टरही कधीकधी घाईत उरकतात, पण केमोने ती कायमची जाऊ शकते. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू आणि मुलीची बीजांडं आधी साठवून ठेवता येतात. वयात न आलेल्यांसाठी पर्याय कमी आहेत, मुलींमध्ये ओव्हरीचा तुकडा गोठवतात, मुलांमध्ये जे आहे ते अजून प्रयोगाच्या पातळीवर. केमोची तारीख ठरल्यावर नाही, त्याच्या कितीतरी आधी विचारा. आणि पोराला/पोरीला बाहेर बसवून बोलू नका, शरीर त्यांचं आहे.

मग पेशी गोळा करणं. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असेल तर बरेच आठवडे आधी बंद करतात, आणि रक्त जरा जास्त देऊन एचबी ११ च्या वर ठेवतात, म्हणजे बोन मॅरोची धावपळ शांत होते. नंतर काही दिवस इंजेक्शनं, ज्यांनी पेशी मॅरोतून रक्तात उतरतात. हाडं दुखतात, ते अपेक्षित आहे. मग मशीनला जोडून दोन-तीन दिवस, रोज काही तास. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच नर्सला सांगायचं, मशीनमधल्या औषधाने कॅल्शियम कमी होतं, ते भरून देतात. एका फेरीत पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत तर काही आठवड्यांनी परत सगळं, आणि हे बऱ्याच जणांना करावं लागतं, तेव्हा मनाची तयारी असू द्या. थोड्या पेशी दुरुस्त न करता बॅकअप म्हणून ठेवतात, काही बिनसलं तर त्या परत द्यायला. त्या ठेवल्यात का, कुठे ठेवल्यात, विचारून घ्या. लॅबचं काम व्हायला काही महिने लागतात आणि तोवर रक्त चालूच.

ॲडमिट झाल्यावर बुसल्फान, म्हणजे ती केमो, चार दिवस. जुना मॅरो रिकामा करायला. फिट येऊ नये म्हणून औषध देतात, चिलेशन आधीच थांबवलेलं असतं. मग मधे निदान दोन दिवस थांबून दुरुस्त पेशींची ती ड्रिप. त्यानंतर तोंड आतून सोलतं, केस जातात, जेवण जात नाही, आणि रक्तपेशींचे आकडे शून्याजवळ घुटमळत राहतात. इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वर यायला साधारण महिना, प्लेटलेट्सना त्याहून जास्त, कधी दीड महिना, कधी अजून. या काळात आत कोण राहणार, बाहेर धाकट्याला कोण बघणार, सुट्टी कशी मिळणार हे आधी कागदावर लिहून ठरवा. एकाच माणसाने सगळं ओढायचं ठरवलं तर तिसऱ्या आठवड्यात तो माणूस मोडतो.

घरी आल्यावर ताप हा इमर्जन्सी समजायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही. रक्त लागलंच तर ते इरॅडिएट केलेलं (किरण मारलेलं) हवं, दुसऱ्या हॉस्पिटलला गेलात तर हे तुम्हालाच सांगावं लागेल. लसी परत घ्याव्या लागतात. व्हायरसवाली थेरपी झाली असेल तर एचआयव्हीची पीसीआर टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण तो व्हायरस त्याच घराण्यातला आहे, म्हणून थेरपीचं कार्ड कायम जवळ ठेवायचं. फॉलोअप १५ वर्षं चालतो. तसल्याच व्हायरसवर बनवलेल्या सिकल सेलच्या (हिमोग्लोबिनचाच दुसरा आजार) एका थेरपीनंतर काहींना रक्ताचा कॅन्सर झालाय, त्यामुळे तपासण्या "आता बरं वाटतंय" म्हणून चुकवायच्या नाहीत.

आणि जुनं लोह कुठे जात नाही. रक्त बंद झालं तरी ते काढायलाच लागतं, गोळ्यांनी, किंवा एचबी चांगलं टिकलं तर चक्क रक्त काढून. ज्या हातात वर्षानुवर्षं पिशवी लावली त्याच हातातून आता पिशवी भरून घ्यायची. हार्मोनचं जे नुकसान आधीच झालंय ते मात्र बहुतेक वेळा भरून येत नाही. शिवाय दुरुस्ती फक्त रक्ताच्या पेशींत झालेली असते, बीजांडात किंवा शुक्राणूत नाही, तेव्हा पुढे लग्नाचं ठरेल तेव्हा समोरच्याची एचबीए२ टेस्ट करून घ्यायचीच, आणि जोडीदार मायनर, म्हणजे स्वतःला त्रास नसलेला वाहक, निघाला तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असायचा चान्स ५० टक्के.