स्वस्त लॅपटॉपची अफवा आणि तिच्यातला आकडा: किंमत उलटी कशी मोजायची

महागड्या लॅपटॉपमध्ये आधी मशीन बनतं आणि मग त्याला किंमत लागते. स्वस्तात नेमकं उलटं होतं. ‘२५ हजारांच्या आत’ हे आधी ठरतं आणि मग त्या आकड्यात बसेपर्यंत एकेक गोष्ट कापली जाते. त्यामुळे येऊ घातलेल्या स्वस्त मॉडेलची बातमी फुटली की “एवढ्यात एवढं मिळणार?” म्हणून हुरळून जायचं नाही. “एवढ्यात बसवायला काढलं काय असेल?” हे विचारायचं. उत्तर शोधायला कागद, पेन आणि दहा मिनिटं पुरतात.

आकडा कशाचा आहे?

१९,९९०, २४,९९०, २९,९९० हे आकडे सहज पडलेले नसतात. खरेदीच्या साइटवर बहुतेक जण ‘२० हजारांपर्यंत’, ‘३० हजारांपर्यंत’ अशी चाळणी लावतात. २०,४९० चं मशीन त्या चाळणीतून गळतं, १९,९९० चं टिकतं. त्या पाचशे रुपयांपायी कधी पडद्याचा दर्जा उतरतो, कधी बॅटरी लहान होते. अफवेत असा गोल आकडा दिसला तर तो बहुधा ‘लक्ष्य’ असतो. ठरलेली किंमत असेलच असं नाही.

लक्ष्य आणि प्रत्यक्ष किंमत यांत किती अंतर पडतं, याचे जुने दाखले बोलके आहेत. २००५ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे प्रवर्तक निकोलस नेग्रोपाँटी यांनी मुलांसाठी ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ जाहीर केला. २००७ मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा तो १८८ डॉलरच्या घरात गेला होता. आसुसचा ईईई पीसी हा छोटा लॅपटॉप जून २००७ मध्ये १९९ डॉलरपासून मिळेल असं सांगितलं गेलं, पण अमेरिकेत जे ४ जीबीचं मॉडेल लोकांनी घेतलं ते ३९९ ला होतं. आपल्याकडचा आकाश टॅबलेट जुलै २०१० मध्ये ‘३५ डॉलरचा’ म्हणून दाखवला गेला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारला तो ५० डॉलरच्या आसपास पडला. म्हणजे वस्तू बाजारात यायला काही महिने किंवा जास्त अवकाश असेल तर सांगितलेल्या किमतीच्या दीडपट ते दुप्पट पैसे मनाशी धरून ठेवावेत.

याच्या उलट जिओबुक, म्हणजे रिलायन्स जिओचा स्वस्त लॅपटॉप. ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला १५,००० रुपयांची बातमी आली आणि त्याच महिन्यात दुकानात किंमत लागली १५,७९९. इथे अफवा खरी निघाली, कारण ती माल तयार झाल्यावर फुटली होती. तेव्हा कुठलीही अफवा वाचताना तिच्या शेजारी एक गोष्ट लिहायची: विक्रीला किती आठवडे उरलेत? आठवडे जितके कमी, तितका आकडा पक्का.

(जिओबुकच्या बाबतीत बऱ्याच जणांचा घोळ किमतीत नव्हे, भलतीकडेच झाला. त्यात अँड्रॉइडवर बेतलेली जिओओएस होती, विंडोज नव्हती. टॅली टाकायच्या हिशेबाने घेतलेलं मशीन त्या कामाचंच नव्हतं.)

बातमी आली कुठून?

सगळ्या अफवांना एकाच तराजूत घालू नका. भारतात लॅपटॉप विकायचा तर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी लागते. त्या यादीत नवा मॉडेल क्रमांक दिसला तर माल भारतात येण्याची तयारी चालू आहे एवढं धरायला हरकत नाही. पण त्या नोंदीत किंमत नसते, रॅम नसते, तारीखही नसते. “बीआयएसवर दिसला, किंमत २२ हजार” असं कुणी लिहिलं असेल तर दुसरा अर्धा भाग त्याने पदरचा घातलाय.

गीकबेंचसारख्या वेग मोजणाऱ्या चाचणीच्या नोंदीतून प्रोसेसर आणि रॅम कळते. मात्र ती नोंद चाचणीच्या नमुन्याची असू शकते. नमुन्यात १६ जीबी असली तरी विक्रीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल ८ जीबीचं निघतं.

दुकानाच्या साइटवर चुकून आधी दिसलेलं पान सगळ्यांना पक्का पुरावा वाटतो, आणि फसगतही तिथेच जास्त होते. ९९,९९९ किंवा १,११,१११ असे आकडे पान तयार करताना जागा भरायला टाकलेले असतात. तसंच छापील एमआरपी आणि विक्रीची किंमत यांत स्वस्त लॅपटॉपमध्ये दहा-पंधरा हजारांचं अंतर सर्रास असतं. त्या पानावरून मॉडेलचा पूर्ण क्रमांक, पडदा आणि स्टोरेज टिपून घ्या. किमतीवर विसंबू नका.

तारखेबद्दल तर बनवणाऱ्याचा शब्दही डळमळीत असतो. रास्पबेरी पाय हा एका उघड्या बोर्डावरचा छोटा, स्वस्त संगणक. त्याचं पाय ४ हे मॉडेल २०२० च्या आधी यायचं नाही असा अंदाज खुद्द त्याचे निर्माते एबेन अप्टन यांनी दिला होता. ते आलं जून २०१९ मध्ये. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनीच सांगितलं की २०२३ मध्ये पाय ५ ची वाट बघू नका, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ते जाहीर झालं.

परदेशी किंमत रुपयात आणताना

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. लोक डॉलरला दराने गुणतात आणि थांबतात. अमेरिकेतली किंमत तिथला विक्रीकर सोडून सांगतात. आपली किंमत १८ टक्के जीएसटी धरून असते. लॅपटॉपवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे, तेव्हा तो खर्च वेगळा धरायचा नाही. हिशेब असा:

डॉलर × त्या दिवशीचा दर × १.१८ = किमान किंमत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅपलचा एम४ चिपचा मॅक मिनी ५९९ डॉलरला आला. तेव्हा डॉलर साधारण ८४ रुपये होता. ५९९ × ८४ = ५०,३१६. त्याला १.१८ ने गुणलं की ५९,३७३. भारतातली किंमत लागली ५९,९००. सूत्र इतकं जवळ नेहमी जाणार नाही. छोट्या कंपन्या आणि आयातदार यांच्यासाठी वर आणखी ५ ते १५ टक्के ठेवा.

चिनी किंमत असेल तर उलटी काळजी घ्यायची. तिथल्या किमतीत १३ टक्के व्हॅट आधीच असतो. २,९९९ युआनचा लॅपटॉप असेल तर आधी १.१३ ने भागा: २,६५४. युआन १२ रुपये धरला तर ३१,८४८, आणि १.१८ ने गुणून ३७,५८१. ‘चीनमध्ये ३६ हजारांचा, म्हणजे इथे तीसला येईल’ असल्या गणिताला काही आधार नसतो.

आता उलटा हिशेब

समजा बातमी आहे: नवा लॅपटॉप, रायझन ५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी पडदा, विंडोज ११, किंमत २४,९९०.

२४,९९० ला १.१८ ने भागा. हातात राहिले २१,१७८. त्यातून वितरक आणि दुकानदाराचे मिळून दोन हजार तरी काढा. उरले १९ हजारांच्या आसपास. यात पडदा, बोर्ड, प्रोसेसर, बॅटरी, चार्जर, विंडोजचा परवाना, वाहतूक, वॉरंटीचा खर्च आणि कंपनीचा नफा बसवायचाय. आता त्याच दिवशीचा १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा किरकोळ भाव बघा. दोघांची बेरीज त्या १९ हजारांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरली, तर बातमी चुकीची आहे किंवा कात्री दुसरीकडे चाललीय. कंपनीला किरकोळ भाव पडत नाही हे खरं, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं.

कात्री कुठे चालते ते ठरलेलं आहे.

पहिली जागा प्रोसेसरच्या नावात. ‘रायझन ५’ ऐकून लोक खूश होतात, पण ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा बघायचा. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ ची रचना, चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे गाभे). रायझन ५ ७५३०यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. नावात फरक एका आकड्याचा, कामात बराच. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम बोर्डावरच डकवलेली असते. आज ८ जीबीचा घेतला तर तो कायमचा ८ जीबीचा. इंटेलच्या बाजूला एन१०० हे चार कोअरचं चिप ब्राउझर, वर्ड, ऑनलाइन वर्ग यांना पुरतं, पण रॅमशी जोडणारा एकच चॅनल (मार्ग) असल्याने जड कामात अडखळतं. त्याच किमतीत कोअर आय३-१२१५यू मिळत असेल तर तो घ्या.

दुसरी जागा स्टोरेज. ‘१२८ जीबी’ म्हटलंय पण ‘एसएसडी’ म्हटलेलं नाही, तर ते ईएमएमसी, म्हणजे एसएसडीहून संथ आणि स्वस्त स्टोरेज समजा. ते बोर्डावर पक्कं असतं, बदलता येत नाही. ६४ जीबी ही तर विंडोज ११ ची किमान अट. त्यावर वर्षातून येणारं मोठं अपडेट जागा नाही म्हणून अर्ध्यात अडतं, आणि मग दर वेळी फोटो नि फायली हलवत बसायचं.

तिसरी पडदा. अफवेत ‘फुल एचडी’ एवढंच असतं. पडद्याचा प्रकार आयपीएस की टीएन हे कुणी सांगत नाही. टीएन पडदा जरा वरून-खालून पाहिला की रंग उलटे दिसतात. २५० निट्स (उजेड) आणि ४५ टक्के एनटीएससी (रंगांची व्याप्ती) ही स्वस्तातली नेहमीची पातळी. खिडकीशेजारी बसून काम करणाऱ्याला ती कमी पडते.

बॅटरीबद्दल ‘१० तास’ वाचू नका, वॅट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा आकडा शोधा. तो ४० च्या खाली असेल तर चार्जर पिशवीत टाकूनच निघायचं.

रास्पबेरी पायसारख्या बोर्डांत कात्री वेगळ्या तऱ्हेने चालते: बाकीचं सगळं बाहेर. २०१२ पासून ३५ डॉलर ही त्यांची ओळख होती. पाय ५ आलं ते ४ जीबीसाठी ६० डॉलरला, आणि त्यावर २७ वॅटचा अ‍ॅडाप्टर १२, पंखा ५, डबी १० डॉलर. मेमरी कार्ड आणि मायक्रो एचडीएमआय केबल वेगळी. अशा मशीनची अफवा वाचताना संच पूर्ण करून मगच बेरीज मांडा.

‘थांबा, स्वस्त होणार आहे’

या प्रकारच्या अफवा मॉडेलच्या नसतात, धोरणाच्या असतात, आणि घाई किंवा आळस दोन्ही लावतात. ३ ऑगस्ट २०२३ ला सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी १ नोव्हेंबरपर्यंत पुढे गेली आणि पुढे त्याजागी ऑनलाइन आयात मंजुरीची सौम्य पद्धत आली. पहिल्या दिवशी धावाधाव करण्यात अर्थ नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होता आणि तिथेच राहिला. कराची अफवा आली की आधी आजचा दर किती आहे ते बघा; निम्म्या अफवा तिथेच गळतात.

‘जुनं होईल तसं स्वस्त होईल’ हेही आता धरून चालता येत नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप्सचा मोठा वाटा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आणि भाव चढले. १६ जीबीचं पाय ५ जानेवारी २०२५ मध्ये १२० डॉलरला आलं होतं; डिसेंबरमध्ये तेच बोर्ड १४५ झालं. वस्तू तीच, अकरा महिने जुनी, आणि महाग. मेमरीचे भाव चढत असताना स्वस्त मॉडेलची वाट बघणं तोट्याचं ठरतं, कारण अशा मशीनमध्ये रॅमचा वाटा मोठा असतो आणि किमतीचा आकडा तोच ठेवायचा तर १६ ची ८ जीबी होते.

म्हणून वाट बघायला मुदत घाला. वहीत तीन गोष्टी लिहा: कमाल रक्कम, किमान गरज (उदाहरणार्थ १६ जीबी, एसएसडी, आयपीएस) आणि शेवटची तारीख. कॉलेज जुलैत सुरू होणार असेल तर तारीख जूनचा पहिला आठवडा. नवं मॉडेल तोवर आलं नाही तर आज बाजारात असलेलं घ्यायचं. मुदत दसरा-दिवाळीपर्यंत लांबवता येत असेल तर सेलच्या निदान महिनाभर आधीपासून त्याच मॉडेल क्रमांकाची किंमत दर आठवड्याला टिपून ठेवा, किंवा कीपासारखं किमतीचा इतिहास दाखवणारं साधन वापरा. सेलच्या आधी चढवून सेलमध्ये उतरवलेली किंमत त्यात लगेच उघडी पडते.

विक्रीच्या दिवशी

‘२४,९९० पासून’ मधला ‘पासून’ सोडून वाचू नका. त्या किमतीचं मॉडेल खरंच उपलब्ध आहे का ते बघा. बऱ्याचदा ते ‘लवकरच’ असतं आणि चार हजारांनी महाग असलेलंच हातात पडतं. व्हिडिओतल्या परीक्षणांतही बहुधा हेच वरचं मॉडेल असतं. कार्डाची सूट आणि जुन्या लॅपटॉपची बदली धरून सांगितलेली किंमत बाजूला ठेवा. तुमच्याकडे ते कार्ड नसेल तर ती तुमची किंमत नाही.

मॉडेलचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या साइटवर टाकून बघा. एकाच नावाखाली दोन वेगळे पडदे आणि दोन वेगळ्या बॅटऱ्या विकल्या जातात, आणि फरक फक्त त्या शेपटातल्या अक्षरांत असतो. रॅमची एक जागा मोकळी आहे का, हे तिथेच कळतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात घेत असाल तर भाव विचारताना “पक्क्या बिलाचा सांगा” असंच विचारा. कच्च्या बिलावर वाचलेले पैसे पहिल्याच दुरुस्तीत जातात. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि लॅपटॉपच्या तळाचा नंबर जुळवा, मग तो दुकानात उभं राहूनच कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. वॉरंटी दोन-तीन महिने आधीच सुरू झालेली दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही. अनेकदा ती माल कंपनीतून निघाल्याच्या तारखेपासून धरलेली असते आणि पक्कं बिल पाठवलं की दुरुस्त करून मिळते. आठ-दहा महिने आधीची तारीख असेल तर मात्र दुसरा पीस मागा.