रेखांकन मंजुरी: आधी मोजणी, मग नकाशा

जमिनीचे प्लॉट पाडायच्या नकाशाला मिळते ती रेखांकन मंजुरी. सातबारा, फेरफार आणि झोन दाखला (आराखड्यात जमीन कोणत्या वापराची ते सांगणारा) हातात आहे, जमीन भोगवटादार वर्ग 1 ची (विकायला सरकारी परवानगी न लागणारी) आहे आणि सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या, सासरी गेलेल्या बहिणींच्यासुद्धा, सह्या मिळणार आहेत, असं धरून चालतो. झोन शेतीचा निघाला तर पुढचं वाचायचं कारण नाही. "गुंठा-गुंठा पाडून विका, पुढे होतं नियमित" असं सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता मोजणी. बहुतेक जण आधी आर्किटेक्ट गाठतात, कारण किती प्लॉट पडतील याची घाई असते. मीही पहिल्यांदा तेच केलं. सातबाऱ्यावर 62 आर, म्हणून नकाशा 62 आरचा. 9 मीटरचा रस्ता पूर्वेच्या बांधालगत, प्लॉट कुणाकुणाला द्यायचे हेही ठरलेलं. मग भूमी अभिलेखचे भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, आले, यंत्र लावलं आणि पूर्वेची खूण थेट शेजाऱ्याच्या गोठ्यात, गव्हाणीच्या कडेला पडली. म्हैस रवंथ करत बघत होती. जमीन कागदावर आमची, वहिवाट त्यांची, आणि माझा रस्ता त्या गोठ्यातून जाणारा. ताब्यात 59 आरच भरली.

यात वाद घालण्यात अर्थ नाही. मालकीचा कागद, मोजणी नकाशा आणि जागेवरचं क्षेत्र, या तिन्हींत जे सर्वांत कमी तेच रेखांकनाला धरतात. अख्खा नकाशा नव्याने काढला आणि आर्किटेक्टची फी दुसऱ्यांदा मोजली. तेव्हापासून 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, हातात आल्याशिवाय मी कुणाला पेन्सिल उचलू देत नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी बांधावरचं गवत, काटेरी झुडपं साफ करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जातेच, तरी स्वतः घरी जाऊन सांगून या. नोटीस बघून माणूस वकिलाकडे जातो, निरोप मिळाला की बांधावर येतो. दिवसभर स्वतः थांबा, मुलाला पाठवून भागत नाही. चुन्याच्या खुणा पहिल्या पावसात जातात, म्हणून त्याच संध्याकाळी दगड रोवा आणि फोटो काढा. 'क' प्रत आली की आधी क्षेत्र बघा, मग हद्दीची आणि वहिवाटीची रेघ वेगळी दिसते का ते बघा. पटलं नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा, अर्ज आत्ताच करा. नकाशा मंजुरीला गेल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

शेजाऱ्याशी कोर्टात भांडून रस्ता सरळ करू म्हणाल, तर नातवाच्या लग्नापर्यंत थांबायची तयारी ठेवा. मी सरळ रस्ता सरकवला.

पुढचं सोपं आहे. मंजुरीला शहरात नगरपालिका किंवा महापालिका, बाहेर बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय. क्षेत्र 0.4 हेक्टर किंवा जास्त असेल तर 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती कोपऱ्यातल्या खड्ड्यात ढकलू नका, नकाशा परत येतो. तात्पुरती मंजुरी मिळाली की रस्ते, गटारं, पाणी, विजेचे खांब करून घ्या आणि मगच अंतिम मंजुरी मागा. तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉटचा इसार घेणारे मी पाहिलेत. पुढे तेच फोन बंद ठेवतात.

अंतिम मंजुरी झाली की पेढे वाटण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रकाचा (मूळ क्षेत्राची प्लॉटवार फोड दाखवणारा कागद) अर्ज टाका. प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा त्या पत्रकानंतरच निघतो. त्याशिवाय प्लॉट घेणाऱ्याला बँक दारात उभं करत नाही.